निराळ्या ट्यूनिंगसाठी क्लिप-ट्यूनर: दीड वर्षाच्या वापरानंतर

गेले दीड वर्ष मी गिटारच्या हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाला, चिमट्यासारखा लावायचा एक साधा क्रोमॅटिक (सप्तकातले बाराही स्वर ओळखणारा) ट्यूनर वापरत आहे. या काळात माझी गिटार ई-ए-डी-जी-बी-ई या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये कमी आणि ड्रॉप डी (फक्त सहावी, सर्वांत जाड तार डीवर उतरवलेली), ओपन जी व ओपन डी (मोकळ्या तारांवरच त्या नावाचा कॉर्ड वाजणारी) आणि डॅडगॅड (डी-ए-डी-जी-ए-डी) यांत अधिक राहिली, त्यामुळे हे परीक्षण त्या कामापुरतेच आहे. नेहमीच्या ट्यूनिंगला जवळजवळ कोणताही ट्यूनर पुरतो.

या ट्यूनरला ‘गिटार’ आणि ‘क्रोमॅटिक’ असे दोन मोड आहेत आणि सुरू केल्यावर तो दर वेळी पहिल्यातच उघडतो, ही माझी मुख्य तक्रार. गिटार मोडला सहा मोकळ्या तारांच्या स्वरांपलीकडे काही ठाऊक नसते. पहिल्याच आठवड्यात मी ओपन डी, म्हणजे जाड तारेपासून डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी, लावायला बसलो. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवली; डी आणि ए ही नावे ओळखीची असल्यामुळे दिवा निमूटपणे हिरवा झाला. तिसरी तार जीवरून अर्धा स्वर उतरवून एफ शार्पवर आणली, तर काटा डावीकडे झुकून पुन्हा जीच मागू लागला, आणि मीही यंत्र म्हणते ते खरे मानून तार परत चढवली. सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला तेव्हा कळले की लावायला घेतले होते ओपन डी आणि लागले होते डॅडगॅड, म्हणजे १९६०च्या दशकात ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहमने रुळवलेले ट्यूनिंग. कानाला ते इतके गोड लागले की त्या संध्याकाळी मी ते तसेच राहू दिले. हा ट्यूनर घ्यायचा असेल, तर बसल्याबरोबर मोडचे बटण दाबण्याची सवय लावून घ्यावी.

क्रोमॅटिक मोडमध्ये मात्र हा ट्यूनर कामाला चोख आहे. तो हवेतला आवाज न ऐकता लाकडातले कंपन टिपतो, त्यामुळे शेजारी दुसरे कोणी वाजवत असले तरी काटा विचलित होत नाही. फोनवरच्या ॲपची अशा वेळी तारांबळ उडते. त्याचा वेगही चांगला आहे, आणि निराळ्या ट्यूनिंगमध्ये वेगाला फार महत्त्व असते. तार एक पूर्ण स्वर उतरवली की तिचा ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो. डॅडगॅडसाठी तीन तारा अशा सैल केल्यावर मानेवरचा एकूण ओढा कमी होतो, मान किंचित मागे जाते आणि ज्यांना हातही लावलेला नसतो त्या तारा आपोआप थोड्या चढतात. म्हणून सहाही तारांवरून दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात. तार हव्या स्वराच्या जरा खाली नेऊन मग वर चढवत आणावी, म्हणजे ती नटच्या (हेडस्टॉकजवळच्या आडव्या पट्टीच्या) खाचेत अडकून पुढे वाजवताना ‘टक’ करून सुटत नाही. हे काम माणसाचे, ट्यूनर त्यात मदत करू शकत नाही.

त्याची ओढाताण होते ती सहाव्या तारेवर. ७३.४ हर्ट्झचा खालचा डी मोकळा छेडला की काटा डोलत राहतो. बाराव्या पडद्यावर बोट हलके टेकवून हार्मोनिक (त्याच तारेचा वरच्या सप्तकातला स्वर) काढला, तर तो लगेच स्थिरावतो. (रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सप्रमाणे ओपन जीमध्ये सहावी तार काढूनच टाकली, तर हा प्रश्नच उरत नाही.)

यानंतरची अडचण कोणत्याही ट्यूनरची आहे, पण या ट्यूनरमध्ये ती जास्त जाणवते. ओपन डीमध्ये तिसरी तार म्हणजे डीच्या षड्जाचा गंधार. ट्यूनर सप्तकाचे बारा समान भाग करून येणारा गंधार दाखवतो आणि तो शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. सहाव्या तारेच्या पोटातून उमटणारा स्वयंभू गंधार ३६७ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिसऱ्या तारेचा दुसरा आंशिक स्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा, ३७० हर्ट्झला पडतो, त्यामुळे हिरवा दिवा लागलेला असतानाही दोन्ही तारा एकत्र छेडल्या की सेकंदाला सुमारे तीन हेलकावे ऐकू येतात. तंबोरा ऐकलेल्या कानाला ते खटकणारच. डॅडगॅडची सा-प-सा-म-प-सा ही मांडणी ट्यूनरवर लावूनही गोड वाटते, कारण तिथे गंधारच नाही, आणि मध्यम व पंचम शुद्ध स्थानापासून जेमतेम दोन सेंट ढळलेले असतात.

मी ही तार सात-आठ सेंट उतरवून ठेवतो. पूर्ण चौदा उतरवली तर बोटे दाबून घेतलेले इतर कॉर्ड बिघडतात. पण या ट्यूनरवर सेंटचे आकडे नाहीत, नुसत्या रेघा आहेत, म्हणून दर वेळी अंदाजाने थांबावे लागते. सप्तकाचा आकडाही दिसत नाही. दुसरी तार उतरवताना खुंटी उलटी फिरली, तर बीनंतर ए येण्याऐवजी सी येतो, तेवढ्यावरूनच चूक ओळखायची.

बॅटरी बटणाएवढी सीआर २०३२ असून ती बरीच टिकते. चिमट्याचे रबर मात्र वर्षभरात गुळगुळीत झाले आणि आता तो जाड हेडस्टॉकवरून घसरतो. ड्रॉप डी आणि डॅडगॅड यांच्यासाठी हा ट्यूनर मी निःशंकपणे सुचवेन. ओपन डी आणि ओपन जी रोज वाजवणाऱ्यांनी मात्र सेंटचे आकडे दाखवणारा घ्यावा. माझी पुढची खरेदी तीच असेल.