खिशातला कुंचला: पेंटेलचा पॉकेट ब्रश पेन, चार लग्नसराईनंतर

सेलूच्या एका लग्नात नवरदेवाच्या भाच्याचं कोपर लागलं आणि काळ्या शाईची अख्खी बाटली पांढऱ्या टेबलक्लॉथवर आडवी झाली. डेकोरेशनवाल्यानं माझ्या बिदागीतून चारशे रुपये कापून घेतले. परभणीला परतताना एसटीतच मोबाईल काढला आणि पेंटेल या जपानी कंपनीचा हा ब्रश पेन मागवला. त्याला आता चार लग्नसराया झाल्या.

मी अर्कचित्रं काढतो. लग्न, बारसं, मास्तरांचा निरोपसमारंभ, नव्या शोरूमचं उद्घाटन, बोलावतील तिथं टेबल मांडायचं. एका माणसाला चार मिनिटं, म्हणजे तासाला पंधरा. पाहुणे असतात सहाशे. त्यातले निम्मे नुसते मागं उभे राहून "नाक बघ, नाक बघ" म्हणत हसायला आलेले असतात, म्हणून निभतं. पेन्सिलीनं आधी कच्चं काढायला वेळ नसतो, थेट शाईच. तेव्हा हत्यार असं लागतं, की एकाच फटकाऱ्यात बारीक सुरू होऊन जाड व्हावं आणि पुन्हा बारीक होऊन संपावं.

बाळासाहेब ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण एकेकाळी फ्री प्रेस जर्नलमध्ये सोबत होते, आणि दोघांचीही रेष ब्रशची. पण ते बसायचे आपल्या टेबलाशी. माझ्यापुढं पंगतीची घाई झालेली माणसं असतात आणि डोक्यावर जंबो कूलर. शाईत ब्रश बुडवायला हात वळवला, की समोरचा माणूस जिलेबीकडं वळलाच म्हणून समजा.

आता पेनाबद्दल. दिसायला साधा काळा, टोपणाला क्लिप. टोकाला खरेखुरे सुटे केस आहेत, नायलॉनचे. बाजारात ब्रश पेन म्हणून जे स्वस्तात मिळतात, त्यांतल्या बहुतेकांचं टोक स्केचपेनसारखं नमद्याचं, म्हणजे फेल्टचं असतं. मी तेही वापरून बघितलेत. खरखरीत कार्ट्रिज पेपरवर तिसऱ्या लग्नात टोकाचा पार फडा होतो. याचे केस अजून जमून एका टोकाला येतात. जुन्या साइनबोर्ड पेंटरांच्या डब्यात मुंगसाच्या केसांचे ब्रश असायचे. लवचीक होते, नाही म्हणत नाही, पण 1972 च्या वन्यजीव कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे, आणि एका मिशीसाठी मुंगूस मारायचा म्हणजे जरा जास्तच झालं. नायलॉन बरं.

शाई आतल्या कार्ट्रिजमधून, म्हणजे शाईच्या नळकांडीतून, आपोआप उतरते. पोटात पाणी भरायच्या ब्रशसारखं पोट दाबावं लागत नाही. नवीन आणल्यावर एक लक्षात ठेवा: कार्ट्रिज आत नीट दाबून बसवायचं, मग पेन घट्ट फिरवायचा. मी ते नीट दाबलंच नव्हतं. अर्धा तास कोरडा पेन झटकत बसलो आणि जपानी लोकांना मनात नाही नाही ते बोललो. काडी न ओढताच आगपेटीला दोष देण्याचा प्रकार.

हात बसायला मला दोन महिने लागले. टोक इतकं हळवं आहे, की श्वास सोडला तरी रेष जाड होते. सुरुवातीला माझ्या सगळ्या नवऱ्या मुलींना मिशा आल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू जमत गेलं. पेन आडवा धरला, की बाईची अख्खी वेणी एका फटक्यात खाली येते. टकलासाठी कानापासून कानापर्यंत एकच कमान. फेट्याच्या घड्या तर याच्याइतक्या कशातच खुलत नाहीत, तुरा नुसता झटकायचा. आणि शाई संपत आली, की पेन फेकू नका. तेव्हाची खरबरीत, तुटक रेष दोन दिवसांच्या वाढलेल्या दाढीला अशी बसते, की माणूस घरी गेल्यावर आधी दाढी करत असेल. मी एक संपत आलेला पेन खास दाढीवाल्यांसाठीच ठेवलाय. चष्मा मात्र यानं काढू नये. काच गोल राहत नाही. त्यासाठी खिशात पॉइंट फाइव्हचा साधा पेन असू द्या.

वाळण्याचं काय, हे प्रत्येक जण विचारतो. शाई रंगद्रव्याची आहे. वाळल्यावर पाणी पडलं तरी हलत नाही, वरून जलरंगाचा हलका हात फिरवता येतो. पण वाळेपर्यंत दम धरावा लागतो. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं हवाच अशी, की चित्र उचलून हातात देईस्तोवर वाळलेलं असतं. पावसाळ्यात एखादा साखरपुडा निघाला, तर मिनिटभर थांबवा लोकांना. आणि कागद आपलाच न्या. जालन्याला एका इव्हेंटवाल्यानं नवरा-नवरीचं नाव छापलेली गुळगुळीत कार्डं पुढ्यात टाकली, "यावरच काढा, सर." गुळगुळीत कागद शाई पीत नाही. पहिल्याच पाहुण्याची मिशी त्याच्या सफारीच्या खिशाला लागली. ते होते मुलीकडचे मोठे मामा. पुढचं सांगत नाही. त्या इव्हेंटवाल्याकडं माझी निम्मी रक्कम अजून अडकलेली आहे, पण तो काही पेनाचा दोष नाही. तेव्हापासून जाड कार्ट्रिज पेपर कापूनच नेतो आणि निम्मे पैसे आधी घेतो.

अक्षता पडायच्या वेळी मात्र टोपण लावून गप्प बसायचं. ओल्या शाईवर कुंकवाचे तांदूळ चिकटले, की माणसाला देवी आल्यासारखं दिसतं. टोपण लावतानाही सावकाश. एक केस बाहेर राहून दबला, की कायमचा वाकडा होतो आणि प्रत्येक रेषेला जुळी बहीण काढतो. माझा पहिला पेन असाच गेला, माझ्याच घाईनं. दुसरा मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत राहिला. आतली हवा तापून फुगली, शाई सगळी टोपणात. ऊन असेल तर सावलीत, टोक वर करून ठेवा.

खर्चाचं सरळ सांगतो. पेन जपला तर एकदाच घ्यायचाय, पण कार्ट्रिजचा खर्च लागलेला असतो. माझ्या हाताला एका कार्ट्रिजमध्ये दीड-दोन लग्नं निघतात. परभणीत ती मिळत नाहीत, ऑनलाइन मागवतो, नाहीतर संभाजीनगरला कुणी चाललं असेल तर चिठ्ठी देतो. बाटलीतली शाई सुईनं भरून बघण्याचा उद्योग मीही केलाय. इंडियन इंकमध्ये लाख असते, ती आत वाळली की पेन मेला. करू नका.

दिवाळी अंकांची हास्यचित्रं मी आता टॅब्लेटवर काढतो. तिथं चुकलं की मागं जाता येतं, संपादकांनी "त्या पुढाऱ्याचं पोट जरा कमी करा" म्हटलं की कमी करता येतं. शिकाऊ पोरांनाही आधी साधा ब्रश आणि रद्दी पेपर घ्या म्हणून सांगेन, शंभर रुपयांत हात तयार होतो. पण लोकांत बसून, उभ्या गर्दीसमोर काढायचं असेल, तर माझ्याकडून याला पाचपैकी साडेचार. अर्धा चष्म्याचा कापलाय.

मागच्या महिन्यात गंगाखेडला एका आजोबांनी स्वतःचं चित्र बराच वेळ निरखलं. म्हणाले, "कान जरा मोठेच केलास रे, बापू." मी म्हटलं, "आजोबा, आहेत तेवढेच काढलेत." मग त्यांनी पेन मागून घेतला, चित्राखाली मोडीत सही केली आणि म्हणाले, "ह्याला बोरूसारखं वळण आहे." पेन परत द्यायला मात्र त्यांनी दहा मिनिटं लावली. रांग थांबली होती, शाई चालली होती. मी काही बोललो नाही.

घरात दोन कार्ट्रिज शिल्लक आहेत. तुळशीची लग्नं व्हायच्या आत डझनभर मागवून ठेवायला हवीत.