अपंगत्व पेन्शनच्या नावाखाली माझे 78,500 गेले. फौजी भावांनो, वाचा

आकडा आधीच सांगून टाकतो. अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे. 2,500 'नोंदणी', 11,000 एमआरआय आणि 'स्पेशालिस्टचा दाखला', 40,000 'बोर्ड', 25,000 'प्रयागराजचा खर्च' (फौजींच्या पेन्शनचं ऑफिस तिथं आहे). घरी अजून 13,500 च सांगितलेत. बायको हे वाचेल तर वाचू दे, मला आता लपवून लपवून कंटाळा आलाय.

24 वर्षं गाडी चालवली. लेहहून खारदुंगला खिंड ओलांडून पार्तापूरला स्टॅलियन ट्रक नेल्यात, काश्मिरात डोक्यावर पटका, म्हणजे गोळी अडवणारं जड शिरस्त्राण, बांधून तासन् तास स्टिअरिंग धरलंय. ज्यानं पटका घातलाय त्याला मानेचं वेगळं सांगायला नको. मानेचे सी-5, सी-6 मणके गेले, शेवटची चार वर्षं लो मेडिकल कॅटेगरीत काढली आणि 30 नोव्हेंबर 2022 ला हवालदार म्हणून घरी आलो. निवृत्तीच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डानं सर्व्हायकल स्पाँडिलोसिसला 20 टक्के अपंगत्व दिलं, तेही आजन्म, आणि पुढं लिहिलं 'नाना'. म्हणजे नोकरीमुळं झालं नाही आणि नोकरीमुळं वाढलंही नाही. (बायकोला बरेच दिवस वाटायचं, नाना म्हणून कुणी साहेब आहे आणि त्यानंच फाईल अडवलीय.) जानेवारी 2023 मध्ये नकाराचं पत्र हातात पडलं.

मार्चमध्ये कॅन्टीनच्या रांगेत मानेला पट्टा लावून उभा होतो. एक माणूस तो पट्टा बघूनच जवळ आला. "किती टक्के?" एवढंच विचारलं. मी म्हटलं वीस. "नाना?" मी मान हलवली, म्हणजे जेवढी हलते तेवढी.

रिटायर क्लार्क आहे म्हणाला. आता मी अगदीच भोळा होतो असं कुणी समजू नका. तो बोलला त्यातलं बरंचसं खरं होतं, तिथंच घात झाला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत लागला असं धरायचं, तसं नाही हे सरकारनं दाखवायचं: धरमवीर सिंग खटला, सुप्रीम कोर्ट, 2013. 20 टक्क्यांचे पेन्शनसाठी 50 धरायचे: राम अवतार, डिसेंबर 2014. सगळं तोंडपाठ. बिलाच्या पाठीमागं हिशेब मांडून दाखवला. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराचे 30 टक्के, म्हणून 50 ला 15. माझं बेसिक 42,800, मिलिटरी सर्व्हिस पे 5,200, मिळून 48,000. त्याचे 15 टक्के, महिन्याला 7,200, वर महागाई. नंतर वकिलानं हाच हिशेब केला तर रुपयाचाही फरक निघाला नाही. मग विश्वास ठेवू नको तर काय करू?

खोटं एवढंच होतं की हे सगळं तो करून देणार होता.

एमआरआय बाहेर करायला लावला. माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, ईसीएचएसचं, कार्ड माझ्या खिशात होतं. वर खासगी डॉक्टरचा दाखला. टक्के मेडिकल बोर्ड ठरवतं, बाहेरचा डॉक्टर नव्हे, हे पलटणीतल्या नव्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. तरी दिले.

आणि ते पत्र. जून 2023, टपालानं आलं. 'री-असेसमेंट मेडिकल बोर्ड', अमुक तारखेला मिलिटरी हॉस्पिटलात हजर राहा. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. नाव माझं, गाव माझं, आणि नंबर जेसीचा.

अहो, जेसी! तो नंबर नायब सुभेदार झाल्यावर मिळतो. मी हवालदार. माझा नंबर मला झोपेतून उठवून विचारा, शेवटच्या अक्षरासकट सांगेन. ट्रंकेवर, मगावर, होल्डॉलवर, सगळीकडं स्वतःच्या हातानं रंगवलाय. तो जेसी नंबर मी वाचला. दोनदा वाचला. मनात काय आलं? बाबूनं दुसऱ्याच्या पत्रावरून टाईप केलं असेल. आणि लाज वाटते लिहायला, क्षणभर बरंही वाटलं. नायब सुभेदारी हुकलेल्या माणसाला आपल्या नावावर जेसी दिसलं की काय होतं, ते फौजीलाच कळेल. मी त्याला फोन लावला तर तो हसला. "साहेब, सरकारनंच प्रमोशन दिलं की तुम्हाला!" मीही हसलो. त्याच दुपारी सोसायटीतून काढून 40,000 रोख दिले. रोख. सही नाही, पावती नाही.

बोर्डाची तारीख दोनदा पुढं गेली. मग 'फाईल प्रयागराजला अडकलीय' म्हणून 25,000. पण पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. नकाराच्या पत्रावर सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं. तो म्हणाला, "अपील टाकू नका, फाईल तिकडं गेली की आपल्या हातात राहत नाही." जुलै उलटला. अपील करू नका असं जो म्हणेल त्याला तिथंच उठवा.

नोव्हेंबरात पहिलाच हयातीचा दाखला द्यायचा म्हणून स्पर्श, म्हणजे पेन्शनची वेबसाईट, उघडायला गेलो. पासवर्ड चालेना. पासवर्ड 'फॉलोअप'साठी त्याच्याकडंच होता, मीच दिलेला. फोन केला, बंद. आजतागायत बंद.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "एवढे रोख दिलेत कशाला?" मी म्हटलं 420 लावा. म्हणाले हा दिवाणी मामला आहे, एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो. पुरावा फक्त 11,000 चा, कारण तेवढेच फोनवरून गेले, तेही कुठल्याशा बाईच्या नावावर. बँकेत विचारलं ही बाई कोण, तर म्हणे गोपनीय आहे, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं पत्र आणा. सैनिक कल्याणच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा मीटिंगला. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, "पण तुम्ही आमच्याकडं आधी का आला नाही?" आलो होतो साहेब! फेब्रुवारीत आलो होतो, तुमच्याच बाबूनं 'नाना आहे, काही होत नाही' म्हणून टेबलावरूनच परत पाठवलं होतं. तेव्हा कुणी अपिलाचा नमुना हातात दिला असता तर कॅन्टीनमधल्या त्या माणसाला माझ्याकडं बघायचं कारणच उरलं नसतं. बॉर्डरवर असताना सगळे 'जय जवान', आणि खुर्चीपुढं उभा राहिला की तोच जवान 'अर्ज द्या, बघतो'. सहा अर्ज दिले. उत्तर एकाचं आलं: 'आपला अर्ज संबंधितांकडे पाठवला आहे.' संबंधित कोण, ते नाही लिहिलं.

माझ्या बोर्डाची पूर्ण नक्कल माहितीच्या अधिकारात मागितली. खर्च किती? 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर. त्या कागदावर वकिलानं सगळ्यात आधी बोट ठेवलं, आणि त्या महाभागानं तो एकदाही मागितला नव्हता. वकील म्हणाला, उशिराची माफी मागून मुंबईच्या एएफटीत, म्हणजे फौजेच्या न्यायाधिकरणात, जाता येतं, पण थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच धरतात. म्हणजे जितका बसून राहाल तितकं जाईल.

अजून एक सांगायचं राहिलं, मुद्दामच मागं ठेवलं होतं. त्याच्याकडं मी आणखी दोघांना घेऊन गेलो होतो. एकाचे 2,500 गेले, तो काही बोलला नाही. दुसरा शेजारच्या गावचा नाईक, कमरेची गादी सरकलेली, त्याचे 13,500 गेले. ते मी फेडतोय, 4,000 झालेत. तो नको म्हणतो, पण बाजारात दिसला की मीच रस्ता बदलतो.

कुणाला असं जेसी नंबरचं पत्र आलं असेल तर माझ्यासारखं करू नका. पत्र ठेवाच, पण पाकीटही ठेवा. कुठल्या पोस्टातून टाकलं तो शिक्का पाकिटावर असतो, आणि पोलीस आता मला तेच मागतायत. माझं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलंय. पाकीट त्याच संध्याकाळी बंब पेटवायला वापरलं.