औषधाचं लेबल: डायरेक्ट थर्मल की रिबनवाला?

पन्नास-साठ खाटांच्या हॉस्पिटलात लेबल प्रिंटर घ्यायचा म्हटलं की तीन कोटेशन येतात आणि चर्चा किमतीवरच घुटमळते. मी फार्मसी सांभाळते, म्हणून मी आधी विचारते: लेबल चिकटणार कुठे, आणि किती दिवस वाचता यायला हवं?

हातानं लिहिणं आणि लेझर हे दोन पर्याय लगेच बाजूला ठेवू. घाईतल्या अक्षरात १ आणि ७ सारखेच दिसतात. लेझरला एका लेबलासाठी आख्खी ए-फोर शीट लागते, आणि उरलेली शीट पुन्हा घातली की एखादं लेबल आत रोलरला चिकटतंच.

राहिले दोन. डायरेक्ट थर्मलमध्ये शाई नसते. कागदावरचा थर उष्णतेनं काळा होतो. बिलाच्या कागदावर नख जोरात ओढून बघा, काळी रेघ उठते, तेच हे. दुसरा थर्मल ट्रान्सफर, म्हणजे रिबनवाला: छपाईचं गरम हेड रिबनवरची शाई वितळवून लेबलावर उतरवतं.

डायरेक्टचं सुख मोठं आहे. रोल घाला, झाकण लावा, संपलं. रात्रपाळीच्या सिस्टरला रिबन कोणत्या बाजूनं घालायची हे कुणी शिकवावं लागत नाही. पण जो थर उष्णतेनं काळा होतो, तो उन्हानं, गरम जागेनं आणि स्पिरिटनंही बिघडतो. आमच्याकडे एकदा फ्रिजमधली विरघळवून ठेवलेली अँटिबायोटिकची व्हायल वापरायला काढली. सिस्टरनं स्पिरिटचा बोळा व्हायलच्या रबरी बुचावर फिरवला, तो खाली लेबलावर टेकला, आणि ‘विरघळवल्याची वेळ’ हीच ओळ करड्या डागात गेली. व्हायल टाकून द्यावी लागली. गंमत म्हणजे प्रिंटरचं हेड साफ करायला आपण अल्कोहोलच, म्हणजे तेच स्पिरिट, वापरतो.

म्हणून रिबन घेतली की प्रश्न सुटला, असंही नाही. रिबन तीन जातींची येते: वॅक्स (मेणाची), रेझिन (राळेची) आणि दोन्हींची मिश्र वॅक्स-रेझिन. साध्या कागदावर वॅक्स स्वस्त पडते, पण घासलं की पुसटते. स्पिरिट सोसायचं असेल तर रेझिन रिबन आणि पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं लेबल, ही जोडीच लागते. हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे ऊतकांच्या तपासणीत, झायलीन हे कडक द्रावक असतं, तिथे तर साधं लेबल टिकतच नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, १२१ अंशांना जाणाऱ्या पाकिटावर डायरेक्ट लेबल लावाल, तर बाहेर काळा चौकोन येईल.

खर्चाचा अंदाज घरीच काढता येतो. लेबल ५० बाय २५ मिलिमीटर, मधली फट ३; म्हणजे एका लेबलाला २८ मिलिमीटर रिबन. ३०० मीटरच्या रिबनमध्ये साधारण १०,७०० लेबलं बसतात. छोट्या टेबलटॉप प्रिंटरला ७४ मीटरचीच रिबन बसत असेल तर २,६०० च्या आसपास, म्हणजे बदलायची कटकट चौपट. डायरेक्टला रिबनचा खर्च नाही, पण लेबल थेट हेडवर घासतं, त्यामुळे हेड लवकर झिजतं. कोटेशनमध्ये हेडची किंमत वेगळी लिहून घ्या.

मनगटी पट्टा मात्र डायरेक्टचाच घ्यावा. वरून संरक्षक थर असलेला कृत्रिम पट्टा मिळतो आणि पेशंटचा मुक्काम सहसा थोड्या दिवसांचाच असतो. बाळाच्या मनगटावर लांब बारकोड वळतो आणि स्कॅनर रुसतो. तिथे चौकोनी टू-डी कोड छापा. रक्ताच्या नळीवरही बारकोड नळीच्या लांबीच्या दिशेनं हवा, गोल गुंडाळलेला नको.

आता आपल्याकडचा खास मुद्दा. ‘१-०-१, जेवणानंतर’ हे मराठीत छापायचं असेल तर २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या) प्रिंटरवर बारीक टाइपात अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात. ३०० डीपीआय घ्या. स्ट्रिप कापून सुट्या गोळ्या देताना पाकिटावर बॅच आणि एक्स्पायरी यायलाच हवी. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला, पण कापलेल्या चार गोळ्यांसोबत तो जात नाही.

माझं मत: फार्मसी आणि लॅबला रिबनवाला, वॉर्डात छोटा डायरेक्ट. एकच परवडत असेल तर रिबनवालाच, कारण बहुतेक मॉडेलांत रिबन काढून डायरेक्ट लेबलही छापता येतं. डायरेक्ट-ओन्ली यंत्रात रिबन घालता येत नाही.

फ्रीजरसाठी गोंद वेगळा मागा, आणि पिशवी किंवा नळी गोठवण्याआधी, कोरडी असतानाच लेबल लावा. वापरलेली रिबन रद्दीत देऊ नका. तिच्यावर प्रत्येक पेशंटचं नाव आणि औषध उलटं पण स्पष्ट वाचता येतं. आम्ही ती कात्रीनं कापून मगच बाहेर देतो. आणि ऑर्डरआधी विक्रेत्याकडून दहा लेबलं घेऊन दोन फ्रिजमध्ये, दोन खिडकीत ठेवा, दोनांवर स्पिरिटचा बोळा फिरवा. उरलेली चार मी नेहमी विक्रेत्यासमोरच नखानं खरवडते.