व्हीलचेअरची गाडी ‘बनवून देणाऱ्यां’पासून सावध राहा

व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशी गाडी बनवून देतो, या शब्दावर आम्ही एका माणसाला 3,68,500 रुपये दिले. त्या बदल्यात आज आमच्या दारात जी व्हॅन उभी आहे, ती कागदोपत्री आमची नाही, तिच्यात माझ्या पतींना बसता येत नाही आणि ती रस्त्यावर काढून अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करील अशी पुरेपूर शक्यता आहे. हे चारचौघांत सांगताना शरम वाटते, पण मी गप्प राहिले तर तो पुढच्या घरी जाईल.

मणक्याच्या दुखापतीनंतर यांच्या कमरेखालच्या भागात संवेदना राहिलेली नाही. विट्याहून मिरजेला उपचारांसाठी जायचे म्हणजे दोघांनी यांना उचलून सीटवर ठेवायचे, आणि त्या ओढाताणीत पाठीखालची कातडी सोलवटली की जखम भरायला महिने जातात. बाहेर फिरणारी सीट गाडीला बसवून मिळते, पण खुर्चीतून तिच्यावर सरकणे यांना जमत नाही, आणि रॅम्पची गाडी आपल्याकडे शोरूममध्ये सहज मिळत नाही. म्हणून आम्ही या माणसाकडे वळलो. ‘चौकशी का केली नाही’ असे आम्हाला कोणी विचारू नये. त्याने लेटरहेडवर कोटेशन दिले होते, त्यावर जीएसटी क्रमांक होता, शिक्का होता. तो क्रमांक एका हार्डवेअर दुकानाचा आहे, हे नंतर समजले. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नाव दिसते, त्याला पैसे पडत नाहीत. तेवढे तरी प्रत्येकाने करावे.

बयाणा म्हणून 50,000 रुपये दिले. जुनी पेट्रोल व्हॅन विकत घेण्यासाठी आणखी 1,90,000, रॅम्प, मागचा मजला आणि पट्टे यांसाठी 1,10,000, आणि शेवटी ‘एआरएआयच्या’, म्हणजे गाड्यांची चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या पुण्याच्या संस्थेच्या, ‘मंजुरीचे’ म्हणून 18,500 रुपये त्याने घेतले.

त्याने पाठवलेल्या व्हिडिओत व्हॅनचे मागचे दार उघडते, रॅम्प खाली येतो, एक मुलगा व्हीलचेअर ढकलत आत नेतो आणि दार बंद होते. ती खुर्ची रिकामी होती. घरातल्या सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला, शेजाऱ्यांनी पाहिला, फिजिओथेरपीच्या बाईंनीही पाहून चांगले म्हटले, पण खुर्चीत माणूस का नाही, हे कोणाच्याही ओठांवर आले नाही, कारण आम्हा सगळ्यांचे डोळे रॅम्पवर खिळले होते आणि त्याला नेमके तेच हवे होते. यांच्या खुर्चीची उंची उशीसकट, डोक्यापर्यंत, 53 इंच भरते. व्हॅनच्या मागच्या दाराची मोकळी उंची 44 इंच आहे. हे नऊ इंच मिळवायचे तर गाडीचा मजला खाली घ्यावा लागतो किंवा छप्पर वर उचलावे लागते, आणि त्याने दोन्ही केले नव्हते. दोन फुटांच्या चढासाठी त्याने चार फुटांची पत्र्याची फळी वेल्ड करून दिली. तिच्यावरून माणूस बसलेली खुर्ची वर नेणे दोन धडधाकट माणसांनाही अवघड आहे. खुर्ची चार ठिकाणी चासीला जखडावी लागते आणि बसणाऱ्याला वेगळा पट्टा लागतो. आम्हाला मिळाले ते टेम्पोत माल आवळायचे पट्टे, तेही पातळ पत्र्यात नटबोल्टने अडकवलेले. खुर्चीत माणूस बसवून, त्याची उंची टेपने मोजून दाखवल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका.

कागदपत्रांची कथा याहून संतापजनक आहे. व्हॅनवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता. फॉर्म 35, म्हणजे कर्जाचा बोजा उतरवण्याचा अर्ज, आणि बँकेचे ना हरकत पत्र नसल्यामुळे ती आमच्या नावावर होऊ शकत नाही. बयाण्याआधी परिवहन विभागाच्या ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून बोजा तपासा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचना बदलायची असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते आणि बदल आरसीवर नोंदवावा लागतो. 2020 पासून नोंदणीच्या फॉर्म 20 मध्ये दिव्यांग मालकाची स्वतंत्र नोंद होते. आरसीवर नोंदच नसेल, तर त्याने तोंडभर सांगितलेली टोलमाफी मागायची कशाच्या आधारावर? ‘एआरएआयचे प्रमाणपत्र’ तर निव्वळ बनावट निघाले.

आरटीओ कार्यालयात गेल्यावर ‘परवानगी आधी घ्यायची होती’ एवढेच उत्तर मिळाले. आधी कोणता अर्ज, कोणाकडे, कोणत्या नकाशासह करायचा, हे त्या टेबलावरच्या कोणालाही सांगता आले नाही, आणि ज्या खिडकीवर पाठवले तिथे जायला पायऱ्याच होत्या, म्हणजे ज्यांच्यासाठी हा नियम आहे त्यांनी बाहेर उन्हात थांबायचे. पोलीस ठाण्यात ‘गाडी मिळाली आहे ना, मग हा दिवाणी वाद आहे’ असे म्हणून तक्रार घेतली नाही. बनावट प्रमाणपत्र पुढे ठेवले तरी त्यांनी ते उलटून पाहिले नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितले की यात सायबर गुन्हा दिसत नाही. राज्याने 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला म्हणून मोठ्या आशेने तिकडे पत्र पाठवले, तर हाती आला तो फक्त आवक क्रमांक. प्रत्येक टेबलाने आम्हाला पुढच्या टेबलाचा पत्ता दिला आणि तेवढ्यात त्या माणसाने मोबाइल क्रमांक बदलला.

अखेर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील नसला तरी चालते. बँकेचे उतारे, व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि तो व्हिडिओ जोडला आहे. रोख एक पैसाही दिला नव्हता, म्हणून निदान एवढा पुरावा हाती आहे.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाने कोल्हापूर आणि साताऱ्याकडच्या ग्रुपवर फिरत आहे. ज्यांनी त्याला पैसे दिले असतील त्यांनी लाज सोडून आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि ठाण्यात दाद मिळाली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावी. एकाच माणसाविरुद्ध चार तक्रारी समोर आल्या, तर त्याला दिवाणी वाद म्हणणे त्यांना कठीण जाईल.