एजंटाशिवाय कोरियात इंग्रजी शिकवायचं: सरकारी शाळा की हागवॉन?

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी इथे निम्मा निकाल आधीच लागलेला असतो. हागवॉन, म्हणजे खासगी क्लास, इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठीच मिळवू शकतात. आपल्याला वाट आहे ती २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया 'सेपा' या आर्थिक भागीदारी कराराची. ती शाळांपुरतीच, आणि इंग्रजीची पदवी व शिक्षकाची पात्रता दोन्ही हवी. बी.एड. असेल तर पुढे वाचा.

सरकारी शाळांची भरती बहुतांशी 'एपिक' या सरकारी कार्यक्रमातून होते. अर्ज थेट करता येतो, मध्ये कोणी नाही. आठवड्याला २२ तास वर्ग, बाकी वेळ शाळेत हजेरी. गाव मात्र तुमच्या मनाचं मिळेलच असं नाही, पसंती फक्त कळवायची. पदवीवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि पोलिसांचा दाखला यांत आठवडे जातात, म्हणून आधी तेच हातात घ्या.

कॅनडा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट असलेल्या मराठी मुलांना हागवॉन खुलं आहे. जागा वर्षभर निघतात, शहर स्वतः निवडता येतं. पण वर्ग संध्याकाळी उशिरापर्यंत, आणि सगळं मालकाच्या स्वभावावर. वर्ष पूर्ण झालं की साधारण एका महिन्याचा जादा पगार कायद्याने मिळतो. तो चुकवायला अकराव्या महिन्यात नारळ देणारे मालकही आहेत. तिथे आत्ता शिकवणाऱ्याशी, मालक शेजारी नसताना, फोनवर बोलल्याशिवाय मी तरी सही केली नसती.