ब्लडवर्म सोडवून दाण्यांवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दाण्यांचा डबा जूनमध्ये उघडला, वापर माशांच्या तीन टाक्यांत. तीन फुटी १९० लिटरच्या टाकीत सहा एंजल आणि बारा रमीनोज टेट्रा, चार फुटी ३४० लिटरमध्ये पाच डिस्कस, २५ लिटरमध्ये एक फायटर. सगळे आधी फ्रोझन ब्लडवर्मवर, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्यांवर, वाढलेले. नवीन खाद्य म्हणजे १ ते १.२ मिमीचे, हळू बुडणारे दाणे. घटकांत फिशमील, क्रिल, गव्हाचं पीठ, स्पिरुलिना. आधी निकाल सांगून टाकतो. टेट्रांनी पहिल्याच दिवशी घेतले, फायटरने पाच दिवसांत, एंजलना बारा दिवस लागले. डिस्कसना सात आठवडे, आणि त्यातला एक अजूनही अर्धामुर्धाच खातो.

लेबलवरून एक गैरसमज नेहमी होतो. ब्लडवर्मच्या पाकिटावर प्रथिनं ५-६ टक्के दिसतात आणि दाण्यांवर ४५, म्हणून दाणे कितीतरी पौष्टिक असं वाटतं. पण फ्रोझन ब्लडवर्ममध्ये सुमारे ९० टक्के पाणीच असतं. पाणी वजा केलं तर प्रथिनांत ती अळी दाण्याला हार जात नाही. दाण्यांचा खरा फायदा जीवनसत्त्वं आणि खनिजांचा आहे, शिवाय फ्रीजर काही तास बंद पडला तरी ते वाया जात नाहीत. वीज बराच वेळ गेली की ब्लडवर्मचे गोठवलेले क्यूब वितळतात, आणि वितळलेले पुन्हा गोठवून घालणं म्हणजे आजाराला आमंत्रण.

आता मुख्य गोष्ट. ‘मासा खात नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे नकार दडलेले असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा.

पहिला: मासा दाण्याकडे बघतच नाही. त्याच्या लेखी ते अन्नच नाही. ब्लडवर्म लाल असते, हेलकावत खाली येते, तिचा वास पाण्यात पसरतो. दाण्यात यातलं काहीच नाही. इथे वासाने काम होतं. एक क्यूब चहाच्या गाळणीत वाटीवर वितळवायचा. वाटीत उतरलेलं लाल पाणी एरवी फेकायचंच असतं, कारण ते टाकीत गेलं की पाणी बिघडवतं. त्यातले फक्त ४-५ थेंब चिमूटभर दाण्यांवर टाकायचे आणि मुरू द्यायचे. दाणे ड्रॉपरने, नेहमीच्याच कोपऱ्यात, थोडे थोडे सोडायचे म्हणजे ते हलत खाली जातात.

दुसरा: मासा दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो. पुन्हा घेतो, पुन्हा थुंकतो. बहुतेक जण इथेच हात टेकतात आणि ब्रँड बदलतात. खरं तर निम्मं काम झालेलं असतं: वास पटला, अडचण फक्त कडकपणाची किंवा आकाराची आहे. लेबलवर ‘सॉफ्ट’ लिहिलेलं असलं तरी डब्यातला दाणा बोटाने चुरडून बघावा. हे दाणे बाहेरून मऊ, आतून खडे निघाले. टाकीच्याच पाण्यात दीड ते दोन मिनिटं भिजवले की प्रश्न सुटतो. जास्त वेळ ठेवले तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं निघून जातात आणि दाण्याचा लगदा होतो. आकाराचा अंदाज सोपा आहे: दाणा माशाच्या डोळ्यापेक्षा मोठा नको. एंजल थुंकत होते ते कडकपणामुळे. भिजवायला सुरुवात केल्यावर तीन दिवसांत गिळायला लागले.

तिसरा: मासा ब्लडवर्मही पूर्वीसारखी खात नाही, कोपऱ्यात उभा राहतो, विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी. हा खाद्याचा नकार नव्हेच. आतड्यातल्या परजीवींची शंका घ्यावी आणि खाणं बदलण्याचा बेत बाजूला ठेवून आधी उपचार करावेत. अशा माशाला उपाशी ठेवून शिस्त लावायला जाणं म्हणजे त्याला मारणं.

वेळापत्रक असं बसलं. सकाळी दिवा लागल्यावर अर्ध्या तासाने, पोट रिकामं असताना, फक्त दाणे, माशामागे ४-५. पंधरा मिनिटांनी उरलेलं सायफनने बाहेर. ब्लडवर्म संध्याकाळी, नेहमीच्या निम्मी. दाणे नाकारल्याबरोबर ‘बिचारे उपाशी आहेत’ म्हणून लगेच क्यूब टाकला की सगळं मुसळ केरात. मासे दोन दिवसांत शिकतात की थांबलं की चांगलं मिळतं. आठवड्यातून एक दिवस पूर्ण उपास. धडधाकट मोठ्या माशाला सलग तीन दिवसही चालतो. दोन इंचांखालच्या पिल्लांना एका दिवसापेक्षा जास्त नको, आणि कपाळ खपाटीला गेलेल्या माशाला अजिबात नको.

टेट्रांचा उपयोग अनपेक्षितपणे मोठा झाला. ते दाण्यांवर तुटून पडतात, ते पाहून एंजल पुढे येतात. सगळ्यांना एकाच वेळी शिकवण्यापेक्षा एक खाऊ मासा टाकीत असणं जास्त कामाचं.

डिस्कसची तऱ्हा वेगळी. दाणे आणि ब्लडवर्म नुसते मिसळून टाकले तर ते जेवणातली मिरची काढावी तसे दाणे वगळून अळ्या वेचतात. म्हणून वेचताच येणार नाही असं मिश्रण करावं लागलं: ब्लडवर्म कात्रीने बारीक चिरायची, भिजवलेले दाणे चमच्याने कुस्करायचे, दोन्ही एकजीव करून झिप पिशवीत पातळ थापायचं आणि गोठवायचं. रोज बोटभर तुकडा तोडून टाकायचा. आधी तीन भाग अळ्या, एक भाग दाणे, मग निम्मे-निम्मे, मग एकास तीन. पुढच्या पायरीवर जायची अट एकच, सलग दोन दिवस सगळं पाच मिनिटांत संपलं पाहिजे. घाई केली आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागलं. पाणी २९ अंशांवर ठेवलं होतं.

या लगद्याने पाणी झपाट्याने खराब होतं. त्या आठवड्यांत दर तीन दिवसांनी ३० टक्के पाणी बदललं, अमोनिया टेस्ट दिवसाआड. खाऊ घालताना फिल्टर दहा मिनिटं बंद, नाहीतर निम्मं खाणं स्पंजमध्ये जातं. परत चालू करायची आठवण मात्र राहिली पाहिजे. कॅनिस्टर फिल्टर तासन् तास बंद राहिला तर आतले, पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू गुदमरतात.

लसणाची ख्याती त्याच्या कामापेक्षा मोठी आहे. एक पाकळी ठेचून दोन चमचे पाण्यात, गाळून त्याचे थेंब दाण्यांवर, असं करून पाहिलं. फायटर आकर्षित झाला, डिस्कस ढिम्म. ब्लडवर्मचं लाल पाणी फुकट मिळत असताना लसूण सोलत बसायचं कारण नाही.

नाशिकचे दोन ऋतू या कामात आडवे येतात. पावसाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी गढूळ असतं आणि नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो. अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) न घालता पाणी बदललं तर कल्ले चुरचुरतात, मासे खाण्याला तोंड लावत नाहीत आणि दोष दाण्यांवर येतो. दमट हवेत डबाही टिकत नाही. १०० ग्रॅमचा डबा रोज उघडला तर महिन्याभरात दाणे चिकटायला लागतात आणि खवट वास येतो. खवट चरबीचे दाणे माशाने नाकारले तर शहाणपण माशाचं. आणल्याबरोबर आठवड्याच्या पुड्या करून, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवायच्या, बाहेर एकच.

हिवाळ्यात उलट. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की घरातल्या हीटर नसलेल्या टाकीचं पाणीही २० अंशांखाली उतरतं, पचन मंदावतं आणि रोजचं खाणंही उरतं. डिसेंबर-जानेवारीत नवीन खाद्य सुरू करू नये, करायचंच तर आधी लिटरला साधारण एक वॉट या हिशोबाने हीटर लावून एंजलसाठी २७ अंश गाठावेत.

तक्रारी दोन. डब्याच्या तळाशी भुकटी फार, शेवटच्या दहा-बारा ग्रॅमची नुसती धूळच. ती गाळून पिल्लांना घालता येते, पण दाणे म्हणून पैसे मोजलेले असतात. दुसरी, दाणे एकसारखे बुडत नाहीत, काही पाचेक मिनिटं तरंगतात. फायटरला ते सोयीचं, तळाशी चरणाऱ्या सकरला नाही. पुढच्या वेळी ५० ग्रॅमचाच डबा घेणार, एंजल आणि टेट्रांसाठी. डिस्कसना आठवड्यातून दोनदा ब्लडवर्म चालूच राहणार.