पाकट की करवत मासा? प्रकल्पासाठी कोणता घ्यावा

बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी भाचीचं अडलंय: पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा) की करवत मासा (करवतीसारख्या लांब, दातेरी थोबाडाचा)? दोन्ही किनाऱ्यालगतचे, सांगाडा कूर्चेचा, कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला.

नमुन्याचा प्रश्न सरळ आहे. नागपुरात बर्फातली समुद्री मासळी येते. मासेवाल्याला सांगून ठेवलं तर पाकट मिळू शकतं. शेपटीचा दातेरी काटा मात्र त्याच्याकडूनच काढून घ्यावा, मेल्यावरही विष बाधतं. करवत मासा २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तो मागूसुद्धा नये.

अधिवासात पाकट मला जास्त आवडतं. उथळ वाळूत अंग पुरून बसतं आणि डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी ओढतं, म्हणून खाली असलेल्या तोंडात वाळू जात नाही. करवत मासा खाडीत, काही जाती तर नदीतही शिरतात.

दोघंही अंडी न घालता थेट पिल्लं देतात. पाकटाच्या गर्भाला पुढे आईकडून दुधासारखा द्रव मिळतो. करवत माशाचा गर्भ बलकावर वाढतो, आणि जन्मताना करवतीचे दात आवरणात असतात. नाहीतर आईचं काही खरं नव्हतं!

हाताने विच्छेदन करायचं असेल तर पाकट. वाचून, संवर्धनावर लिहायचं असेल तर करवत मासा. जाळ्यात करवत अडकूनच तो इतका विरळ झाला.